कोकणात इव्हेंटचं काम करायचंय? आधी शाखा ठरवा, मग कार्ड छापा

"बारसं, मुंज, लग्न, वाढदिवस, कॉर्पोरेट, स्पोर्ट्स, राजकीय सभा. सर्व प्रकारच्या कार्यक्रमांचं नियोजन करून मिळेल." अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत हाच मजकूर थोड्याफार फरकाने छापलेली कार्डं घेऊन फिरणारी मुलं-मुली दर सीझनला भेटतात. मेहनतीला ती कमी नसतात, तरी दोन-तीन सीझनमध्ये त्यातली बरीच जण पुन्हा मुंबईची गाडी धरतात, कारण कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी कार्ड, मग महागडा कोर्स, मग कर्ज काढून घेतलेले लाइट आणि खुर्च्या. आपल्याला यातलं नेमकं कोणतं काम जमतं, म्हणजे आपली शाखा कोणती, आणि ते काम आपल्या भागात वर्षभर मिळतं का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

खालचे टप्पे याच्या उलट क्रमाने लावले आहेत. एखादा टप्पा सोपा वाटला तरी गाळू नका, कारण पुढच्या टप्प्यातला हिशेब त्यावर उभा आहे.

## सुरुवातीची तयारी

एक जाड वही घ्या. तिथी दाखवणारं कॅलेंडर किंवा पंचांग, तुमच्या जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि तुमच्या जिल्ह्याचा नकाशा जवळ ठेवा. याशिवाय एक पूर्ण सीझन हाताशी हवा, म्हणजे तुळशीच्या लग्नापासून मे अखेरपर्यंतचे महिने. या काळात तुम्ही दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवर काम करणार आहात आणि कमाई बेताचीच असेल. घरी हे आधीच सांगून ठेवा. ज्यांना लगेच घरखर्च उचलायचा आहे त्यांनी नोकरी सोडू नये. सुट्ट्या आणि शनिवार-रविवार धरून हाच अभ्यास दोन सीझनमध्ये करता येतो.

## टप्पा १ : आपला पट्टा आखा

कोकण हा एकच बाजार आहे असं धरून चालणं ही पहिली चूक.

मांडवा, अलिबाग, काशीद, मुरुड हा पट्टा मुंबईच्या पैशावर चालतो. गेटवेहून लाँचने मांडव्याला तासाभरात पोचता येतं आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट गाड्याही आणते. इथे कार्यक्रम ठरवणारा माणूस मुंबईत बसलेला असतो आणि सजावटीची टीमही बहुतेक वेळा तो तिकडूनच आणतो. त्याला इथे हवी असते ती स्थानिक माणसं सांभाळणारी, बंगल्याचा रस्ता आणि वीज माहीत असणारी, ग्रामपंचायतीत ओळख असणारी व्यक्ती.

रत्नागिरी जिल्ह्याचं गणित निराळं. चिपळूण, खेड, रत्नागिरीत स्थानिक आणि चाकरमानी कुटुंबांची लग्नं मंगल कार्यालयांत होतात. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतींमुळे कंपन्यांचे कार्यक्रम असतात, तर दापोली, गुहागर, गणपतीपुळ्याला पर्यटक असतात. आंबा घाटातून कोल्हापूरचे सजावटवाले आणि साऊंडवाले सहज खाली उतरतात, म्हणजे तुमची स्पर्धा त्यांच्याशीही आहे.

सिंधुदुर्गात कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या पट्ट्यावर गोव्याची छाया आहे. उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाल्यावर बाहेरगावच्या पाहुण्यांना वेंगुर्ल्याला येणं सोपं झालं. मात्र तोच पाहुणा गोव्यातल्या तयार व्यवस्थेशी तुमची तुलना करतो.

नकाशावर आपलं गाव मध्ये धरून एक मर्यादा आखा. कसोटी एकच : रात्री एक वाजता सामान आवरून टेम्पो निघाला, तर दोन तासांत घरी पोचतो का? घाट, खाडीवरचे फेरे आणि रस्त्याची कामं धरून मोजा. या मर्यादेत येईल तो तुमचा पट्टा. बाहेरची कामं पहिली दोन वर्षं घेऊ नका.

तपासून पाहा : पट्ट्यातल्या वीस जागा नावानिशी लिहा. कार्यालयं, रिसॉर्ट, शाळेची मैदानं, देवळांची आवारं, सगळं. प्रत्येकीपुढे किती माणसं मावतात, गाड्या कुठे लागतात, शेवटची गल्ली टेम्पो घेते का, विजेचा भार किती आणि चावी कोणाकडे असते हे लिहा. अर्ध्याहून जास्त रकाने कोरे राहिले, तर पुढे जाऊ नका. आधी पायपीट करा.

## टप्पा २ : बारा महिन्यांचा तक्ता भरा

वहीची दोन पानं समोरासमोर उघडा आणि बारा रकाने आखा. प्रत्येक महिन्यात तीन गोष्टी लिहायच्या : कार्यक्रम कोणते होतात, माणसं आणि गाड्या मिळतात का, आणि निसर्ग काय अडवतो. लोक फक्त पहिली गोष्ट लिहितात आणि तिथेच फसतात.

लग्नापासून सुरू करा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नं जवळपास बंद. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त उघडतात, पौषात बरीच घरं थांबतात, माघापासून पुन्हा वेग येतो आणि मे महिन्यात कळस होतो, कारण चाकरमानी तेव्हाच गावी असतात. त्यात अधिक महिना कुठे पडतो ते नक्की पाहा. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला, लग्नवाल्यांचं काही बिघडलं नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे कोकणातला सगळ्यात कमाईचा पंधरवडा मुहूर्तांविना जातो. फक्त लग्नांवर घर चालवणाऱ्याने अशा वर्षाची तजवीज आदल्या वर्षीच करायला हवी.

आता माणसं. शिमग्याच्या दिवसांत पालखी घरोघरी फिरत असते. गावागणिक तारखा वेगळ्या, आणि त्या दिवसांत मांडव बांधणारा पोरगा तुम्हाला दुप्पट रोज देऊनही मिळणार नाही. त्याने यावं असा आग्रहही धरू नये. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या वाहायला टेम्पो लागलेले असतात, त्यामुळे भाडी चढतात आणि ऐन वेळी गाडी मिळत नाही. जून-जुलैत लावणी, ऑक्टोबरात कापणी. गणपतीत तर प्रत्येक जण आपापल्या घरी. गाड्या भरलेल्या, खोल्या भरलेल्या, वाढपी सुट्टीवर.

निसर्गाचा रकाना किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी सगळ्यात काळजीने भरावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्यामुळे माशांवर उभा असलेला मेनू तेव्हा चालत नाही. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच थांबतात आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे समुद्राकडे जात असतात. वाळूवरचे प्रखर दिवे त्यांची दिशा चुकवतात. ही कासवं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अशा किनाऱ्यावर रात्रीचा झगमगाट विकणं हा धंदा करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

तक्ता भरला की रिकामे महिने डोळ्यांसमोर येतात. पावसाळ्यात रिसॉर्टचे दर उतरतात आणि कंपन्या दोन दिवसांच्या बैठका, प्रशिक्षणं घेऊन येतात. दिवाळीच्या आसपास विक्रेत्यांचे मेळावे होतात. तुमच्या मुख्य शाखेला जोडून रिकाम्या महिन्यांत चालेल असं दुसरं काम कोणतं, ते इथेच पेन्सिलने लिहून ठेवा.

इशारा : जत्रांच्या तारखा गृहीत धरू नका. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला ठरलेली असते, पण आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की त्या परिसरातल्या खोल्या, गाड्या, जनरेटर सगळं तिकडे वळतं. त्याच दिवशी जवळपास दुसरं काम घेतलेला माणूस अडकतो.

## टप्पा ३ : प्रसंगाच्या आधी काम निवडा

या संपूर्ण लेखातला हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक नेमका हाच ओलांडून जातात. "मी वेडिंग प्लॅनर होणार" हे प्रसंग निवडणं झालं. लग्नात तुम्ही सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत हातांनी आणि डोक्याने काय करणार, ते काम निवडणं. तेच काम कंपनीच्या मेळाव्यात आणि महोत्सवातही लागतं. प्रसंग बदलता येतो, कामाची सवय लवकर बदलत नाही.

समन्वय. वेळापत्रक लिहिणं, सगळ्यांना फोन करणं, उशीर झाला की क्रम बदलणं. सरकारी कार्यक्रमांत ज्याला मिनिट टू मिनिट कार्यक्रम म्हणतात, तो हाच कागद. या कामाला आवाज न चढवता पुन्हा पुन्हा विचारण्याची चिकाटी लागते. आचाऱ्याला चौथ्यांदा "दादा, पहिली पंगत किती वाजता?" असं विचारताना तुमचा सूर पहिल्यासारखाच राहतो का?

पाहुण्यांची सोय. खोल्यांच्या याद्या, स्टेशनवरून आणणं-सोडणं, आजारी आजोबांना तळमजल्याची खोली. या कामाला फार कमी जण स्वतःची शाखा मानतात आणि म्हणूनच इथे जागा आहे. कोकण रेल्वेच्या गाड्या अवेळी येतात. पहाटे साडेतीनला कुडाळ स्टेशनवर नावाची पाटी घेऊन उभा असलेला माणूस त्या कुटुंबाला वर्षानुवर्षं आठवतो. बाहेरगावच्या लग्नांत सजावट मुंबईची असली तरी हे काम स्थानिक माणसाशिवाय होत नाही. ज्याच्याकडे भांडवल नाही पण माणसं ओळखीची आहेत, त्याने पहिला विचार याच कामाचा करावा.

सजावट. फुलं, कापड, बांधणी. हात चालणारा आणि रात्रभर जागणारा माणूस हवा. समुद्राजवळ दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. तलम कापडाचे पडदे आणि हलक्या कमानी दुपारी चारला जशा दिसतात तशा सहाला राहत नाहीत. नारळ-सुपारीच्या झावळ्या, झेंडू, केळीचे खांब हे इथलं सामान टिकतंही आणि शोभतंही. त्यात हातखंडा असलेल्याला बाहेरचा माणूस सहज हटवू शकत नाही.

तांत्रिक बाजू. साऊंड, लाइट, एलईडी वॉल, जनरेटर. शिकायला वेळ आणि उभारायला पैसा लागतो, पण काम बारमाही असतं. लग्न संपलं की सभा, सभा संपली की क्रिकेटचे सामने, मग दशावताराचा खेळ. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात आणि ट्रसचे, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याचे, जोड खराब होतात, त्यामुळे देखभालीचा खर्च घाटमाथ्यावरच्या माणसापेक्षा जास्त धरावा लागतो.

जेवण. हा स्वतंत्र व्यवसाय आहे. हळदीला माशांचं आणि लग्नाला शाकाहारी जेवण करणारी घरं आहेत, पंगतीत सोलकढी शेवटपर्यंत पुरायला हवी आणि उकडीचे मोदक गरमच वाढायचे असतात. आचारी घरातला किंवा नात्यातला असेल तरच उतरा.

परवाने, गर्दी आणि सुरक्षितता. दिसायला रूक्ष. पण किनाऱ्यावर मोठा कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाला हे करून देणारा माणूस हवाच असतो. कागद वाचायची, सरकारी कार्यालयात शांतपणे तिसऱ्यांदा जायची तयारी असलेल्यांसाठी ही चांगली शाखा आहे.

स्टेजमागून कार्यक्रम चालवणं, कलाकार आणणं, निवेदन हीही कामं आहेतच. छोट्या पट्ट्यात त्यांवर पूर्ण घर चालणं अवघड, म्हणून ती जोडकाम म्हणून धरा.

तपासून पाहा : वरच्यांपैकी दोनच कामांवर खूण करा. प्रत्येकापुढे त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग लिहा. याद्या दुरुस्त करणं, केबल गुंडाळणं, भांडी मोजणं, तहसील कार्यालयात बाकावर बसणं. तो भाग शंभर वेळा करायची तयारी असेल तरच खूण राहू द्या.

## टप्पा ४ : आता प्रसंग निवडा

निवडलेली दोन कामं हातात धरून प्रसंगांकडे बघा.

स्थानिक लग्नात निर्णय घरातली मोठी माणसं घेतात. काका, मामा, मानकरी, भटजी यांचा शब्द असतो आणि नियोजनासाठी वेगळे पैसे द्यायची सवय अजून कमी आहे. इथे समन्वयावर पोट भरत नाही, सजावट, साऊंड किंवा जेवणावर भरतं. बाहेरगावच्या कुटुंबाच्या रिसॉर्टमधल्या लग्नात उलटं. तिथे समन्वयाचे आणि पाहुण्यांच्या सोयीचे पैसे मिळतात, पण अपेक्षा मोठ्या, लेखी आणि कडक असतात.

कंपन्यांचे कार्यक्रम वेळेवर सुरू होतात, रात्री लवकर संपतात, पैसे मात्र उशिरा येतात. दीड-दोन महिने बिल थांबलं तरी तग धरता यायला हवा.

सरकारी आणि पर्यटन महोत्सवांची कामं बहुधा निविदेने जातात. सुरुवातीला मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली एखादा भाग घेणंच शहाणपणाचं. टेनिस बॉल क्रिकेट, सायकल फेऱ्या, धावण्याच्या स्पर्धा यांत जागा वाढते आहे. तिथे रस्ता, पाणी, रुग्णवाहिका आणि स्वयंसेवक सांभाळणारा माणूस लागतो. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्यता कायम ठेवली, पण अटी कडक आहेत. नवशिक्याने तिकडे जाऊ नये.

शिमगा, जत्रा, गावचा गणपती हे गावाचे सोहळे आहेत. तिथे मालकी गावकऱ्यांची, मान मानकऱ्यांचा. तुम्हाला बोलावलं तर दिवे, बॅरिकेड, ध्वनिक्षेपक एवढंच काम करावं आणि क्रमात ढवळाढवळ करू नये. पालखीची वेळ तुमच्या वेळापत्रकाने ठरत नाही.

इशारा : मित्राच्या लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं म्हणून लग्न ही तुमची शाखा ठरत नाही. ओळखीच्या घरात चुका पोटात घातल्या जातात. अनोळखी माणसाने पैसे देऊन दुसऱ्यांदा बोलावलं, तर ती खूण धरा.

## टप्पा ५ : दोन हिशेब

पहिला : कोणाचा पैसा? समजा, एका लग्नाचा सगळा खर्च सहा लाख आणि त्यात तुमचे पन्नास हजार. सगळं बिल तुमच्या नावाने केलंत, तर तुमची उलाढाल सहा लाख धरली जाते. अशी चार लग्नं झाली की चोवीस लाख. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे, म्हणजे दोन लाख कमावूनही तुम्ही तिच्या पलीकडे गेलात. शिवाय मांडववाल्याचे पैसे कुटुंबाने थकवले, तर तो तुमच्या दारात येणार. म्हणून सुरुवातीला फक्त आपल्या कामाचं बिल करा आणि बाकीच्यांचे पैसे कुटुंबाने त्यांना थेट द्यावेत असं लिहून घ्या.

दुसरा : वर्षभराचं पोट. महिन्याचा घरखर्च तीस हजार धरला तर वर्षाचे तीन लाख साठ हजार. फोन, पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, कागदपत्रं मिळून नव्वद हजार. एकूण साडेचार लाख. टप्पा २ मधल्या तक्त्यावरून वर्षात पैसे देणारी अठरा कामं मिळतील असं वाटलं, तर प्रत्येक कामातून हातात पंचवीस हजार राहायला हवेत. तुमच्या पट्ट्यात, तुमच्या कामाला, एवढे पैसे देणारी अठरा माणसं आहेत का? नसतील तर तीन वाटा आहेत : पट्टा बदला, काम बदला किंवा रिकाम्या महिन्यांचं जोडकाम पक्कं करा. अंदाज वाढवून आकडा जुळवू नका.

तपासून पाहा : हाच हिशेब अठराऐवजी बारा कामांवर करून बघा. प्रत्येक कामातून साडेसदतीस हजार सुटायला हवेत. एखादा मेचा पंधरवडा हुकला तर वर्ष असंच जातं.

## टप्पा ६ : एक सीझन दुसऱ्याच्या हाताखाली

निवडलेली दोन कामं करणाऱ्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांकडे जा. मोठी योजना सांगू नका. "दादा, यंदा तुमच्याबरोबर उभा राहू का? सामान उचलेन, हिशेब लिहीन. पोरांना देता तेवढाच रोज द्या. फक्त दोन-तीन वेळा साऊंडच्या गाडीबरोबर पाठवा." एवढं पुरतं. फुकट काम करू नका. फुकट आलेल्याला कोणी शिकवत नाही, नुसतं पळवतात.

तुम्ही पुढे हाच धंदा करणार हे लपवू नका. छोट्या पट्ट्यात सगळे एकमेकांना लागतात. ज्याच्याकडे शिकलात त्याचंच गिऱ्हाईक पहिल्या वर्षी उचललंत, तर पुढच्या गर्दीच्या दिवशी जनरेटर बंद पडल्यावर कोणी आपला पाठवणार नाही.

प्रत्येक कामानंतर त्याच रात्री वहीत लिहा : काय उशिरा झालं, कशामुळे, कोणी सावरलं, मला कुठे मजा आली, कुठे चीड आली. शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. सीझनअखेर वही सलग वाचली की तुमची शाखा बहुतेक त्यातच सापडते, आणि पुष्कळदा ती टप्पा ३ मध्ये पहिली खूण केलेली नसते.

इशारा : एकाच माणसाकडे पूर्ण सीझन काढू नका. त्याची पद्धत म्हणजेच धंदा, असं वाटायला लागतं.

## टप्पा ७ : त्या शाखेचे कागद आणि किनारा शिका

पहिलं स्वतंत्र काम घेण्याआधी हा टप्पा पुरा झालेला हवा.

ध्वनिक्षेपकाचे नियम २००० सालचे आहेत : उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते दिवस जिल्ह्यात आधी जाहीर झालेले असतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. हळदीचा कार्यक्रम ठरवतानाच कुटुंबाला हे सांगा. पावणेदहाला सांगितलं तर भांडण होतं.

गाण्यांच्या हक्काबाबत लग्नाच्या विधी आणि त्याला जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, कंपनीच्या पार्टीला नाही. या सवलतीच्या व्याप्तीवर न्यायालयात वाद झालेले आहेत, म्हणून रिसॉर्टची अट काय आहे ते बुकिंग करतानाच लेखी घ्या. जेवणासाठी अन्न परवाना, दारू असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना, तात्पुरत्या विजेसाठी महावितरण, गर्दीसाठी पोलीस ठाणं. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटल्या आणि एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, हे सजावट आणि जेवण दोन्ही करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

किनाऱ्यावर काम करायचं असेल तर जागा कोणाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. महसूल खातं, मेरीटाइम बोर्ड, ग्रामपंचायत, वन खातं, कोणीही असू शकतं. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे पक्कं बांधकाम चालत नाही आणि वाळूवर गाड्या घालू नयेत. सामान शेवटचे दोनशे मीटर डोक्यावरून न्यायचं धरूनच माणसं मोजा.

आणि भरती. कोळी बांधव वापरतात तो अंदाज शिका : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी साडेसहाला पाणी ओसरत असतं. दशमीला साडेसातच्या सुमारास, म्हणजे त्याच साडेसहाला पाणी चढत येतं. सूर्यास्ताचा तोच मांडव, तोच किनारा, आणि एका तिथीला खुर्च्या कोरड्या, दुसऱ्या तिथीला पहिल्या रांगेत पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी वर येतं, अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, कमी. रायगडच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक सिंधुदुर्गापेक्षा बराच मोठा असतो, तेव्हा मालवणचा अनुभव काशीदला लावू नका. अंदाजानंतर त्या दिवसाचं छापील वेळापत्रक आणि तिथल्या मच्छिमार काकांचा शब्द, दोन्ही घ्या.

तपासून पाहा : कार्यक्रमाच्या आदल्या पंधरवड्यात त्याच तिथीला, त्याच वेळी जागेवर जाऊन काठी रोवा आणि पाणी कुठवर येतं ते पाहा.

## टप्पा ८ : कोर्स आणि सामान, आता

कोर्स वाईट नसतो, पण सीझन पाहिल्यावर केला तरच उपयोगी पडतो, कारण तेव्हा काय विचारायचं ते कळतं. पूर्ण पदविकेपेक्षा तुमच्या कामाचा नेमका भाग शिका : साऊंड मिक्सिंग, लेखापद्धती, प्रथमोपचार, फुलांची बांधणी. प्रवेशाआधी शेवटच्या तुकडीतले विद्यार्थी आता कुठे काम करतात ते विचारा आणि त्यातल्या दोघांना स्वतः फोन करा.

सामान एका सीझनमध्ये पुन्हा पुन्हा भाड्याने घ्यावं लागलं, तरच विकत घ्या. कर्ज लागलंच तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा आणि टप्पा ५ चा हिशेब सोबत न्या.

## टप्पा ९ : एका वाक्यात सांगा, बाकीचं दुसऱ्याकडे पाठवा

आता कार्ड. त्यावर काम, प्रसंग आणि पट्टा, तीनच गोष्टी. "बाहेरगावच्या लग्नांतल्या पाहुण्यांची सोय, वेंगुर्ला ते मालवण." "सभा-संमेलनांसाठी साऊंड आणि जनरेटर, चिपळूण-खेड." वाचणाऱ्याला तुम्हाला कशासाठी फोन करायचा ते लगेच कळलं पाहिजे.

यात न बसणारं काम आलं तर नाही म्हणा, पण रिकाम्या हाताने पाठवू नका. "काकी, वाढदिवसाची सजावट मी करत नाही, पण आमच्या इथे एक ताई फार छान करतात, त्यांचा नंबर देतो." त्या ताई पुढच्या लग्नात तुमचं नाव सुचवतात. यासाठी कमिशन घ्यायचं असेल तर उघडपणे सांगून घ्या. लपवलेलं कमिशन छोट्या गावात आठवडाभरही लपत नाही.

प्रत्येक कामाआधी एका पानावर लिहून द्या : मी काय करणार, काय करणार नाही, किती वाजेपर्यंत, बयाणा किती, पावसाने किंवा दुखवट्याने तारीख बदलली तर काय. दोघांच्या सह्या घ्या.

आषाढी एकादशीनंतर लग्नांचा फोन थंडावतो. तेव्हा वही काढून वर्षातली सगळी कामं तीन ओळींत मांडा : पैसे सुटले ती, नाव झालं ती, आणि नुसती धावपळ झाली ती. तिसऱ्या ओळीत एकाच प्रकारची कामं वारंवार दिसली, तर तो प्रकार कार्डावरून काढा. मग पुढच्या वर्षीचे मुहूर्त, अधिक महिना आणि शिमग्याच्या गावागावांतल्या तारखा नव्या तक्त्यात भरायला घ्या.